सौरऊर्जेवरचा वेगदर्शक फलक: धोकादायक गावरस्त्यासाठी घ्यावा का?

एकाच वळणावर तिसरा अपघात झाला की गाव जागं होतं, बैठक बसते आणि दोन मागण्या हमखास पुढे येतात. एक म्हणजे गतिरोधक घाला आणि दुसरी म्हणजे तो गाडीचा वेग दाखवणारा बोर्ड लावा. हे परीक्षण दुसऱ्या मागणीचं आहे. कोणत्याही एका कंपनीच्या मालाबद्दल ते नाही, कारण असे बहुतेक फलक आतून सारखेच असतात. समोर एलईडीचे आकडे, मागे छोटा रेडार, खाली बॅटरीची पेटी आणि वर सौर पॅनेल. फरक पडतो तो बॅटरीत, सॉफ्टवेअरमध्ये आणि तो कुठे उभा केला यात.

आधी निकाल सांगतो. गाड्यांचा वेग कमी करणारं यंत्र म्हणून या फलकाला आम्ही मध्यम म्हणू. रस्त्याचा पुरावा गोळा करणारं यंत्र म्हणून मात्र गावकऱ्यांच्या हाती लागणारं याहून चांगलं साधन क्वचितच असेल. घेणारी बहुतेक गावं पहिल्या कामासाठी घेतात आणि दुसरं काम करूनच घेत नाहीत.

आतला रेडार सहसा २४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. समोरून येणाऱ्या गाडीवर आपटून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते आणि त्या बदलावरून वेग निघतो. २४.१२५ गिगाहर्ट्झवर ताशी १ किलोमीटर वेगाला हा बदल सुमारे ४४.७ हर्ट्झ असतो. हे गणित पक्कं आहे, पण एका अटीवर: गाडी रेडारच्या सरळ रेषेत यायला हवी. गाडी कोनात असेल तर रेडारला तिच्या वेगाचा फक्त आपल्या दिशेने येणारा भाग दिसतो. १० अंशांचा कोन असेल तर ६० ची गाडी ५९ दाखवेल, २० अंशांना ५६ आणि ३० अंशांना ५२. म्हणजे चूक नेहमी कमी दाखवण्याकडेच होते.

फलक गाडीच्या मार्गापासून ४ मीटर बाजूला असेल तर १०० मीटरवर कोन जेमतेम २ अंशांचा असतो, २० मीटरवर ११ आणि १० मीटरवर २२. त्यामुळे सरळ पट्ट्यावर दुरून घेतलेला आकडा विश्वासाचा असतो आणि अगदी जवळून घेतलेला नसतो. वळणाच्या पोटात फलक लावला तर हा कोन क्षणाक्षणाला बदलतो आणि सगळी नोंद बिघडते. सर्वांत जास्त होणारी चूक हीच. अपघात वळणावर होतात म्हणून फलकही वळणावरच रोवला जातो. तो हवा वळणाच्या आधीच्या सरळ पट्ट्यावर, जिथे चालकाला ब्रेक दाबायला अजून जागा उरलेली असते. ३० सेंटीमीटर उंचीचे आकडे साधारण १०० ते १५० मीटरवरून वाचता येतात. ताशी ८० ने येणारी गाडी १०० मीटर साडेचार सेकंदांत पार करते. त्या साडेचार सेकंदांत आकडा दिसणं, कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं हे सगळं उरकायचं असतं. मधे एक फांदी आडवी आली तरी त्यातला एखादा सेकंद हातचा जातो.

बसवल्यावर पहिल्याच दिवशी पडताळणी करा. मोबाइलवरच्या जीपीएसने ५० चा वेग धरा, निदान १० सेकंद तो ढळू देऊ नका आणि फलकावरचा आकडा दुसऱ्या माणसाला वाचू द्या. ४०, ५० आणि ६० ला प्रत्येकी पाच फेऱ्या पुरतात. २ किलोमीटरपेक्षा जास्त फरक आला तर फलकाचा कोन सुधारा. ही पडताळणी गाडीच्या स्वतःच्या मीटरवर करू नका. युरोपातून आलेल्या आणि बऱ्याच देशांनी स्वीकारलेल्या नियमानुसार (नियम क्रमांक ३९) गाडीच्या मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नसतं. जास्त मात्र १० टक्के आणि वर ४ किलोमीटर इतकं दाखवलं तरी चालतं. खरा वेग ६० असताना मीटरवर ७० दिसला तरी गाडी नियमात बसते. "तुमचा बोर्ड चुकीचा आहे, माझ्या मीटरवर वेगळंच दिसतं" ही चालकांची तक्रार इथूनच येते आणि तिला हेच उत्तर द्यायचं.

विक्रेते सर्वांत जास्त फसवतात ते बॅटरीत. माहितीपत्रकात "सौरऊर्जेवर अखंड चालतो" असं छापलेलं असतं. हिशेब स्वतः मांडा. रेडार, नियंत्रक आणि अधूनमधून उजळणारे एलईडी मिळून सरासरी ४ वॅट धरले तर दिवसाला ९६ वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासाच्या बॅटरीत २४० वॅट-तास मावतात. ती शिशाची असेल तर निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हातात उरतात १२०. सलग ढगाळ हवामानात हा फलक दुसऱ्या दिवशी मान टाकतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, तरी तेवढ्याच क्षमतेत दोनच दिवस निघतात. चार दिवस सूर्य दिसला नाही तरी चालायला हवा असेल तर लिथियमचीच ४० अँपिअर-तासाची मागा. पॅनेलचा हिशेब असा: दिवसाला चार तास पूर्ण ऊन आणि ३० टक्के गळती धरली तर ३५ वॅट पुरतात, पण धूळ आणि मळभ गृहीत धरून ६० वॅटच्या खाली जाऊ नका. वाहतूक जास्त असेल तर एलईडी जास्त वेळ पेटतात आणि सरासरी ४ वॅटवर थांबत नाही. आपल्या रस्त्याच्या वाहनसंख्येला सरासरी किती वॅट लागतील तो आकडा विक्रेत्याकडून मागून घ्या आणि तो लेखी घ्या.

बॅटरी मेली की फक्त दिवे जातात असं नाही. काही फलकांत घड्याळासाठी वेगळी छोटी बॅटरी नसते. मुख्य बॅटरी उतरली की तारीख मूळपदावर जाते आणि पुढच्या सगळ्या नोंदी कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन पडतात. शाळा सुटण्याच्या वेळी गाड्या किती वेगाने जातात हेच सिद्ध करायचं असेल तर वेळच चुकलेली नोंद काय कामाची? विकत घेण्याआधी बॅटरीची वायर काढा, दहा मिनिटांनी जोडा आणि घड्याळ पाहा. परीक्षा साधी आहे, पण ती कुणी घेत नाही.

आता या यंत्राच्या खऱ्या ताकदीकडे. जवळपास प्रत्येक चांगल्या फलकात दिवे बंद ठेवून गुपचूप नोंद घेण्याची सोय असते. फलक उभा केला की लगेच उजळवण्याचा मोह होतो. तो टाळा. वर सांगितलेली पडताळणी आटोपली की पुढचे सात दिवस, रविवारसकट, पडदा काळाच ठेवा. लोक एरवी कसे चालवतात ते या सात दिवसांतच कळतं. एकदा आकडे उजळले की ती माहिती पुन्हा मिळत नाही.

या नोंदीतून काढायचा मुख्य आकडा म्हणजे ८५ टक्क्यांचा वेग, ज्या वेगाच्या आत १०० पैकी ८५ गाड्या बसतात. २०० गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने लावले तर १७० वा आकडा हा तो. रस्त्याचा अभियंता ज्या भाषेत विचार करतो ती हीच. "गाड्या फार जोरात जातात" या वाक्याला तो मान हलवतो. "मर्यादा ५०, ८५ टक्क्यांचा वेग ७४" असं म्हटलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. सोबत दोन गोष्टी जोडा: मर्यादेपेक्षा २० ने जास्त वेगाच्या गाड्या रोज किती, आणि त्या कोणत्या तासांत जास्त. सरासरी वेग एकटा देऊ नका. ट्रॅक्टर आणि भरलेले टेम्पो सरासरी खाली ओढतात आणि धोका झाकला जातो. शक्य असेल तर ज्यांच्या पुढे चारपाच सेकंद मोकळा रस्ता होता अशाच गाड्या मोजा. रांगेत अडकलेली गाडी स्वतःचा वेग ठरवत नाही.

नोंदीत खोटही असते, ती आधीच ओळखून ठेवा. साधा रेडार सर्वांत जोरदार प्रतिध्वनी पकडतो, म्हणून ट्रकच्या मागून येणारी दुचाकी त्याला दिसतच नाही. वाहनसंख्या त्यामुळे कमी भरते. उलट काही फलक एका गाडीची चारपाच वाचनं चारपाच गाड्या म्हणून लिहितात आणि संख्या फुगते. विक्रेत्याला नेमका प्रश्न विचारा: नोंद गाडीमागे एक होते की वाचनामागे एक? मग अर्धा तास रस्त्याकडेला बसून हाताने गाड्या मोजा आणि फाइलशी ताडून पाहा. वाऱ्याने हलणाऱ्या फांद्या आणि जोराचा पाऊस खोटे छोटे वेग तयार करतात, म्हणून १५ च्या खालचे आकडे गाळून टाका. वाहनसंख्या आणि वाहनांचे प्रकार अचूक हवे असतील तर रस्त्यावर आडव्या अंथरायच्या दोन रबरी नळ्यांचा मोजणीसंच जास्त भरवशाचा, पण कच्च्या कडेच्या रस्त्यावर त्या नळ्या सुटतात आणि शेतीच्या अवजारांखाली फाटतात. वेगासाठी फलकच बरा.

वेगाचा आकडा अर्धाच पुरावा आहे. उरलेला अर्धा टेपने मोजायचा असतो आणि आमच्या मते तो जास्त बोलका असतो. रस्ते आखताना साधारण अशी पद्धत आहे: चालकाला धोका कळून ब्रेक दाबायला २.५ सेकंद आणि नंतर वेग दर सेकंदाला सेकंदी ३.४ मीटरने कमी होतो असं धरायचं. त्या हिशेबाने ताशी ६० ला थांबायला ८५ मीटर लागतात आणि ८० ला १३०. आता वळणावर खरोखर किती अंतरावरचं दिसतं ते मोजा. एकाने डोळे १.०८ मीटर उंचीवर येतील असं वाकावं, म्हणजे कारमध्ये बसल्यासारखं. दुसऱ्याने ६० सेंटीमीटरची काठी धरून आपल्याच लेनच्या कडेने पुढे जात राहावं. काठीचा शेंडा दिसेनासा झाला की थांबायचं आणि मधलं अंतर मोजायचं. तिसरा माणूस फक्त वाहनांवर लक्ष ठेवायला हवाच, तिघांनीही चमकती जाकिटं घालावीत आणि हे काम संधिप्रकाशात कधीच करू नये. अंतर ७० मीटर भरलं आणि फलकाच्या नोंदीत ८५ टक्क्यांचा वेग ८० निघाला, तर अर्ज एका ओळीत लिहून होतो: "इथे थांबायला १३० मीटर लागतात आणि दिसतात ७०." त्या ६० मीटरच्या फरकात कुणाचं तरी लेकरू सायकल घेऊन उभं असतं.

मग दिवे लावल्यावर वेग किती उतरतो? यावर ब्रिटनच्या ट्रान्सपोर्ट रिसर्च लॅबोरेटरीचे दोन अभ्यास एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. २००८ मध्ये लंडनमधल्या, आकडा दाखवणाऱ्या फलकांचा अभ्यास झाला. सरासरी वेग ताशी १.४ मैल, म्हणजे सव्वादोन किलोमीटर इतकाच घटला, आणि फलक काढल्यावर तोही परिणाम टिकला नाही. २००२ च्या अभ्यासात वेगळ्या जातीचे फलक होते. ते आकडा दाखवत नाहीत. मर्यादेपेक्षा जोरात येणाऱ्या गाडीसाठीच ते उजळतात आणि पुढच्या वळणाचं किंवा फाट्याचं चिन्ह, नाहीतर वेगमर्यादा दाखवतात. नॉरफोक परगण्यातल्या अशा ठिकाणी अपघात सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले आणि तीन वर्षांतही चालक त्यांना सरावल्याचं दिसलं नाही.

एक अभ्यास शहरातला, दुसरा बराचसा ग्रामीण रस्त्यांवरचा, त्यामुळे तुलना जपून करावी. तरी आमचा कौल स्पष्ट आहे. धोका वळणाचा किंवा फाट्याचा असेल तर आकड्यांचा फलक घेऊ नका, चिन्हाचा घ्या. "तुमचा वेग ६८" ही माहिती चालकाकडे मीटरवर असतेच. "पुढे उजवीकडे तीव्र वळण" ही माहिती अनोळखी चालकाकडे नसते आणि त्याला तीच वाचवते. आकड्यांचा फलक शोभतो तो गावात शिरतानाच्या सरळ रस्त्यावर, जिथे मर्यादा ८० वरून एकदम ५० होते आणि पाय अजून मागच्याच वेगात असतो. काही पेट्यांमध्ये आकडा आणि चिन्ह दोन्ही सोयी असतात. निवड करता येत असेल तर त्याच घ्या.

सव्वादोन किलोमीटरची घट किरकोळ वाटते, पण ती टाकाऊ नाही. स्वीडनच्या ग्योरान निल्सन यांच्या सूत्रानुसार जीवघेण्या अपघातांचं प्रमाण सरासरी वेगाच्या चौथ्या घाताने बदलतं. वेग ५ टक्के उतरला तर असे अपघात सुमारे १८ टक्के घटतात. म्हणून छोटी घट टिकवणं महत्त्वाचं, आणि ती टिकते फलक फिरता ठेवल्याने. तीन-चार जागी खांब आणि पकडी आधीच बसवून ठेवा आणि फलक दर दोनतीन आठवड्यांनी हलवा. इथे बॅटरीचं वजन आडवं येतं. शिशाची २० अँपिअर-तासाची बॅटरी सहा किलोच्या आसपास भरते, लिथियमची त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिडीवर चढून हे काम करणाऱ्याला तो फरक चांगलाच कळतो.

सेटिंगमध्ये वरची मर्यादा टाकायला विसरू नका. ५० च्या रस्त्यावर ८० च्या पुढे पडदा कोरा झाला पाहिजे. नाहीतर काही तरुण त्यावर जास्तीत जास्त आकडा उमटवण्याची शर्यत लावतात. रात्रीच्या प्रखर उजेडाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. दिवे नसलेल्या रस्त्यावर प्रखर एलईडी पाहिल्यावर डोळ्यांना पुढचे काही क्षण अंधारातलं दिसत नाही आणि फलकाच्या मागे कडेने चालणारा माणूस नेमका त्या क्षणांत सापडतो. प्रकाश आपोआप मंद करणारा सेन्सर धुळीने झाकला की हे बिघडतं. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने सेन्सर, पडदा आणि पॅनेल पुसा, आणि एकदा रात्री स्वतः त्या रस्त्याने गाडी नेऊन पाहा.

खांबाबद्दल फार बेफिकिरी दिसते. रस्ता सोडून गेलेल्या गाडीसाठी जाड लोखंडी खांब म्हणजे नवं झाडच. खांब धडकेला वाकणारा किंवा तुटणारा हवा, नाहीतर आधीपासून असलेल्या क्रॅश बॅरियरच्या (धडक रोखणाऱ्या कठड्याच्या) मागे हवा, आणि फाट्यावरून बाहेर पडणाऱ्याची नजर त्याने अडता कामा नये. दुसरीकडे वाराही सोसायला हवा. ताशी १४० किलोमीटरच्या झोतात दर चौरस मीटरवर जवळपास ९० किलोचा जोर येतो, आणि पॅनेल धरून या फलकाचं क्षेत्रफळ सहज तेवढं भरतं. हा जोर तीन मीटर उंचीवर असतो, म्हणून पाया अभियंत्याकडूनच ठरवून घ्या. रस्त्याच्या हद्दीत खांब रोवायला मालक खात्याची लेखी परवानगी लागते. त्याच कागदावर लिहून घ्या की फलक कुणाच्या मालकीचा, दुरुस्ती कुणाची आणि नोंदींच्या फाइली गावाला मिळणार की नाही. शेवटचा मुद्दा सुटला तर पुरावा खात्याच्या कपाटात जातो. हा फलक गाडीचा नंबर टिपत नाही आणि दंडही करत नाही, हे गावात आधीच सांगून टाका म्हणजे विरोध मावळतो.

सर्वांत मोठा धोका यंत्रात नाही. फलक लागला की खात्याच्या लेखी प्रश्न मिटतो आणि फाइल बंद होते. म्हणून फलक मागतानाच, त्याच अर्जात, फलकाच्या नोंदींवरून पुढे काय हवं ते लिहा. सुरुवात वळणाच्या आतल्या बाजूची झुडपं छाटण्यापासून करा, दिसणारं अंतर वाढवणारा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. मग कडेच्या पांढऱ्या पट्ट्या आणि वळणावर बाणांचे परावर्तक फलक, असे की चालकाला एका वेळी निदान दोन-तीन दिसत राहतील. अमेरिकेच्या फेडरल हायवे अॅडमिनिस्ट्रेशनच्या यादीत दोन लेनच्या ग्रामीण रस्त्यांवर कडेची पट्टी ४ इंचांवरून ६ इंच केल्याने फाटे सोडून इतरत्रचे जीवघेणे आणि जखमी करणारे अपघात ३७ टक्क्यांपर्यंत घटल्याची नोंद आहे. वळणावर जास्त पकड देणाऱ्या खरखरीत थराने जखमी करणारे अपघात ४८ टक्क्यांनी, आणि जिथे फक्त आडव्या रस्त्यावर थांब्याची पाटी होती त्या फाट्यावर गोल चौक केल्याने जीवघेणे व जखमी करणारे अपघात ८२ टक्क्यांनी घटले. नुसत्या रंगाच्या पट्टीपुढे महागडा फलक मागे पडतो, हे मान्य करायला जड जातं, पण आकडे तसे आहेत. गतिरोधकाची मागणी मात्र वेगवान मोकळ्या रस्त्यावर करू नका. आगाऊ सूचना आणि उजेड नसेल तर रात्री दुचाकीवाला त्यावरच पडतो.

दिवे लावून सहा आठवडे झाले की पडदा पुन्हा एक आठवडा काळा ठेवा आणि तेच वार, तोच हंगाम, शाळा सुरू असलेलेच दिवस धरून तुलना करा. अपघातांच्या संख्येवर मात्र वर्षभरात काही दावा करू नका. फार वाईट गेलेल्या वर्षानंतर आकडा आपोआपही खाली येतो आणि अभियंता तेच बोट दाखवेल. अपघातांसाठी आधीची आणि नंतरची निदान तीन-तीन वर्षं हवीत. ती भरेपर्यंत दर तिमाहीला वेगाचा एक पानी तक्ता खात्याला देत राहा, पोच घेऊन.